काकींची सही आणि तुमचा माहितीपट

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील एका 26 वर्षांच्या तरुणीचे पत्र या वेळी उत्तरासाठी निवडले आहे. नाव आणि गाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. पत्र बरेच मोठे असल्यामुळे त्यातला मुख्य भाग संक्षेपाने देत आहे.

"मी पणजीत नोकरी करते आणि सुट्टीला गावी येऊन आमच्या वाड्यावरच्या विहिरी, खाणीची धूळ आणि शेतात उतरणारा गाळ या विषयावर माहितीपट करते आहे. चित्रीकरण संपले आहे, संकलनही बहुतेक झाले आहे. शेजारच्या काकी गेल्या मे महिन्यात विहिरीवर उभ्या राहून माझ्याशी बराच वेळ बोलल्या. पाणी खाली गेल्यामुळे त्यांनी काथ्याच्या जुन्या दोराला निळ्या नायलॉनचा तुकडा जोडला आहे. ती गाठ हातात धरूनच त्या बोलत होत्या. माझ्या माहितीपटाचा तो कणा आहे. आता त्यांच्या मुलाला खाणीवर नोकरी लागली आहे आणि त्याने फोन करून आईचा भाग काढून टाकायला सांगितले आहे. काकी स्वतः काहीच बोलत नाहीत, मला टाळतात. संमतीपत्रावर त्यांची सही आहे. महोत्सवाकडे पाठवण्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते. शिवाय माझ्या बाबांचे दोन ट्रक खाणीवर चालतात. खाणबंदीत ते ट्रक अंगणात उभे होते आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू होते. आता कुठे फेऱ्या सुरू झाल्या आहेत. माझ्या कोर्सची फीसुद्धा ट्रकच्याच पैशांतून भरली होती. बाबा म्हणतात, तू आपल्याच पोटावर पाय देतेस. काकींचा भाग ठेवू की काढू? आणि बाबांना काय सांगू?"

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचे वाचताना तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. आज जी स्थिती आहे, त्या स्थितीत काकींचा भाग माहितीपटात ठेवून तो कुठेही पाठवू नका. मात्र मुलाचा फोन आला म्हणून तो भाग तडकाफडकी कापूनही टाकू नका. मधे एक काम राहिले आहे आणि ते तुम्हालाच करावे लागेल.

संमतीपत्रावरची सही तुम्हाला मोठा आधार वाटते, हे पत्रातून जाणवते. उद्या कोणी तक्रार केली तर त्या कागदाचा उपयोग होईलही. परंतु काकींनी सही केली तेव्हा त्यांच्या घरात खाणीचा पगार येत नव्हता, आज येतो. ज्या परिस्थितीत त्या मोकळेपणाने बोलल्या, ती परिस्थिती राहिलेली नाही, आणि बोलल्याची किंमत मोजावी लागली तर ती त्यांच्या घराला मोजावी लागेल, तुमच्या घराला नव्हे. मुलाची भीती निराधार आहे, असेही मला म्हणवत नाही. 2017 मध्ये सत्तरी तालुक्यातल्या सोनशी गावच्या लोकांनी धुळीला आणि पाण्याच्या टंचाईला कंटाळून लोहखनिजाचे ट्रक अडवले, तेव्हा बायकांसह अनेकांना कोठडीत जावे लागले होते. ही गोष्ट खाणपट्ट्यातल्या घराघरांत ठाऊक आहे. कॅमेऱ्यासमोर बोलणे आणि रस्त्यावर ट्रक अडवणे यांत फरक आहे हे खरे, पण नोकरी नवी असलेल्या माणसाला तो फरक तितकासा मोठा वाटत नाही.

तरीही मुलगा म्हणजे काकी नव्हेत. त्याच्या फोनला त्यांचा नकार समजणे आणि त्यांच्या मौनाला होकार समजणे, दोन्ही सारखेच चुकीचे ठरेल. तेव्हा त्यांच्या घरी जा. मुलगा घरी असेल तर असू द्या, चोरून भेटण्याने संशय वाढतो. कॅमेरा नेऊ नका, संमतीपत्र तर मुळीच नेऊ नका. लॅपटॉप न्या आणि आज तयार आहे तो माहितीपट पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांना दाखवा. फक्त त्यांचा भाग दाखवून चालणार नाही, कारण आपण काय बोललो हे माणसाला बहुधा आठवत असते. आपल्या बोलण्याच्या आधी आणि नंतर काय जोडले आहे, हे त्याला माहीत नसते, आणि अर्थ तर तिथेच ठरतो. काकी दोराबद्दल बोलतात आणि पुढच्याच क्षणी तुमच्या पडद्यावर एखाद्या कंपनीची पाटी येते, असे असेल, तर त्या पाटीकडे काकींनीच बोट दाखवले असा पाहणाऱ्याचा समज होणार. त्यांनी तसे म्हटले होते का, हे रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून स्वतःशी तपासा.

हे केवळ नवख्या लोकांच्या बाबतीत घडते असे नाही. उत्तर प्रदेशातल्या 'खबर लहरिया' या दलित महिलांनी चालवलेल्या वृत्तसंस्थेवर 'राइटिंग विथ फायर' हा माहितीपट 2021 मध्ये आला, जगभर गाजला आणि ऑस्करच्या अंतिम नामांकनापर्यंत पोहोचला. 2022 च्या मार्चमध्ये, पुरस्कार सोहळ्याच्या तोंडावर, खुद्द 'खबर लहरिया'ने निवेदन काढून सांगितले की माहितीपट प्रभावी आहे, पण आम्ही एकाच राजकीय पक्षाच्या बातमीदारीत गुंतलो आहोत असे जे चित्र त्यात उभे राहते, ते आमच्या कामाला धरून नाही. आक्षेप होता तो प्रमाणाला, म्हणजे काय किती ठेवले आणि काय गाळले, याला. त्या तर स्वतः पत्रकार होत्या आणि निवेदन काढू शकल्या. काकींना आपले म्हणणे कुठे छापून आणता येणार आहे?

माहितीपट पाहिल्यावर काकी हो म्हणाल्या, तर तो होकार आधीच्या सहीपेक्षा कितीतरी पक्का असेल. नाही म्हणाल्या, किंवा काही न बोलता चहाच्या तयारीला उठल्या, तर भाग काढा. आपल्याकडच्या बायका शेजारच्या मुलीला तोंडावर नाही म्हणत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या वेळी युक्तिवाद करू नका, विषयाचे महत्त्वही समजावून सांगू नका. विषयाचे महत्त्व त्यांना रोज दोर सोडताना कळते.

चेहरा धूसर करून किंवा आवाज बदलून भाग ठेवता येईल का, असा विचार तुमच्या मनात येईलच. परक्या शहरातल्या प्रेक्षकांसाठी हा उपाय चालतो, गावात तो कुचकामी आहे. वाड्यावरच्या लोकांना बांगड्या ओळखू येतात, विहिरीची कठडा फुटलेली बाजू ओळखू येते, आणि ती निळी गाठ तर सगळ्यांनीच पाहिलेली आहे. ज्यांच्यापासून लपवायचे तेच ओळखणार आणि ज्यांच्यापासून लपवण्याची गरज नाही त्यांना मात्र चेहरा दिसणार नाही, असला हा प्रकार आहे. म्हणून नकार आला तर चेहरा, आवाज, दोर आणि विहीर, सगळेच जाऊ द्या.

मग माहितीपटात उरते काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यावर सविस्तर लिहिणे मला भाग वाटते, कारण काकी गेल्यावर तुमचा माहितीपट कोसळत असेल तर तो मुळातच एका बाईच्या खांद्यावर उभा केलेला होता. मानवी हक्क, विस्थापन, प्रदूषण, विषमता या विषयांवरच्या आपल्याकडच्या अनेक माहितीपटांत ही वाटणी ठरून गेली आहे: पुरावा गरिबाने आपल्या डोळ्यांतल्या पाण्याने द्यायचा आणि कागद ज्यांच्या कपाटात आहेत त्यांना कोणी विचारायचेच नाही. आनंद पटवर्धन यांच्या 1985 च्या 'हमारा शहर' या मुंबईच्या झोपडपट्ट्यांवरील माहितीपटात एक बाई उलट कॅमेऱ्यामागच्या माणसालाच फैलावर घेते, की आमचे चित्रण करून तुम्ही आमचे काय भले करणार. पटवर्धनांनी तो भाग ठेवला, ही मला त्या माहितीपटातली सर्वांत धीट गोष्ट वाटते.

तुमच्या विषयाचे कागद मिळण्यासारखे आहेत. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारीत, पावसाळ्याआधी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. ही माहिती 'इंडिया-डब्ल्यूआरआयएस' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. तुमच्या गावाजवळची निरीक्षण विहीर कोणती ते शोधा. पर्यावरणीय परवाना मिळालेल्या प्रत्येक खाणीला अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, द्यावा लागतो. संकेतस्थळावर तो सापडला नाही तर माहिती अधिकाराखाली अर्ज करा, उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जनसुनावणी, म्हणजे पर्यावरणीय परवाना देण्यापूर्वी गावकऱ्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी होणारी सभा. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीचे संपूर्ण चित्रीकरण प्रदूषण नियंत्रण मंडळाने करून घेणे बंधनकारक आहे. खाणींच्या भाडेपट्ट्यांचा नव्याने लिलाव झाल्यावर डिचोली भागात सुनावण्या झाल्या, तेव्हा तुमच्या गावातले कोणी ना कोणी उठून पाण्याबद्दल बोलले असणार. ते बोलणे अधिकाऱ्यांसमोर, सगळ्या गावादेखत, नाव सांगून झालेले असते. ते चित्रण आणि इतिवृत्त मागवा. त्यातली माणसे वापरण्याआधीही त्यांना विचाराच, पण त्यांनी आपले म्हणणे आधीच चव्हाट्यावर मांडलेले असल्यामुळे तुमच्या माहितीपटाने त्यांच्यावर नवे संकट ओढवण्याचा धोका बराच कमी होतो.

कागद हाती आले की खाणीमुळे विहिरींचे पाणी उतरले, हा तुमचा दावाही तपासून घ्या. खाणीचा खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की काम चालू ठेवण्यासाठी पाणी सतत उपसावे लागते, आणि उपसा चालू राहिला की भोवतालची पातळी खड्ड्याच्या दिशेने उतरते, विहिरी आटतात. हे शास्त्र पक्के आहे आणि गोव्याच्या खाणपट्ट्यात ते वर्षानुवर्षे अनुभवाला आलेले आहे. पण जांभ्या खडकातल्या विहिरीचे पाणी खाण नसली तरी उन्हाळ्यात झपाट्याने उतरते, वाड्यावर नव्या कूपनलिका झाल्या असतील तर त्यांचाही वाटा असतो. नुसती मे महिन्यातली विहीर दाखवून खाणीवर ठपका ठेवलात, तर समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला गप्प बसवील. तुमच्या हाती मात्र एक दुर्मीळ संधी आहे. 2018 मध्ये खाणी बंद झाल्या आणि 2024 पासून काही पुन्हा सुरू झाल्या. मधल्या वर्षांत बहुतेक खड्डे पाण्याने भरले, काही ठिकाणी सुरक्षिततेसाठी उपसाही करावा लागला. त्या वर्षांच्या मे महिन्यात तुमच्या वाड्यावर दोर किती सोडावा लागत होता? ही माहिती जुन्या माणसांना तोंडपाठ असते. ती गोळा करा आणि भूजल मंडळाच्या आकड्यांशेजारी ठेवा. बंदीच्या काळात पाणी वर आले असेल तर तुमच्या म्हणण्याला बळ येईल. आले नसेल तर तेही माहितीपटात सांगावे लागेल, मग ते कितीही गैरसोयीचे असो.

आता बाबा. तुमच्या पत्रात त्यांच्यासाठी मोजकीच वाक्ये आहेत आणि माहितीपटात, तुमच्या वर्णनावरून, ते कुठेच नाहीत. ट्रक धूळ उडवत जातात, पण ते कोणाचे आहेत हे प्रेक्षकाला कळत नाही. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार आहे, असे स्पष्टच लिहिते. तुमच्या माहितीपटाची खरी उणीव मला इथे दिसते, काकींचा भाग निघण्याने पडणारी पोकळी त्यामानाने लहान आहे.

बाबांची बाजू या विषयाच्या बाहेरची नाही. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या शहा आयोगाने गोव्यातल्या अशा खाणकामामुळे सुमारे 35,000 कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज मांडला आणि 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. 2014 च्या निकालात अटी घालून ते सुरू करण्याची वाट मोकळी झाली, वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा आली. पुढे 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने 88 खाणींच्या भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा शुकशुकाट झाला. कायदा मोडून गब्बर झालेले लोक एका टोकाला होते. दुसऱ्या टोकाला बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतलेली माणसे होती, ज्यांच्या हाती ना पट्टा होता ना निर्यातीचा भाव. या साऱ्या व्यवहारात विषमता कुठे आहे हे शोधायचे असेल, तर खाणमालक आणि विहिरीवरची बाई एवढ्या दोघांतच ती संपत नाही. मधे ट्रकवाला आहे, नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जवरचा खलाशी आहे, झारखंड-ओडिशातून आलेला मजूर आहे, आणि ज्याचे शेत गाळाने भरले तो कूळ आहे. यांतल्या काहींचे हित दुसऱ्यांच्या हिताला छेद देते, म्हणून तर गावात कोणी कोणाशी उघड बोलत नाही.

बाबांना काय सांगू, असे तुम्ही विचारले आहे. सांगण्याआधी विचारा. "खाणीबद्दल तुमचे मत काय" असा प्रश्न केलात तर ते तुम्हाला दटावतील किंवा भाषण देतील. त्याऐवजी कामाबद्दल विचारा: पहाटे नंबर लावायला किती वाजता निघावे लागते, वजनकाट्यावर किती वेळ जातो, एका फेरीचा दर कोण ठरवतो, डिझेल आणि चालकाचा पगार वजा जाता हातात काय राहते, बंदीच्या काळात बँकेतून फोन आला की घरात काय बोलणे व्हायचे. कॅमेरा लावण्याचा आग्रह पहिल्या दिवशी धरू नका. ते कॅमेऱ्यासमोर यायला तयार झाले, तर जो नियम काकींना तोच त्यांना लावा, आधी पूर्ण माहितीपट दाखवा. तयार झाले नाहीत, तर तुम्ही स्वतः बोला. हा माहितीपट करणाऱ्या मुलीचे शिक्षण याच ट्रकच्या फेऱ्यांवर झाले आहे, हे तुमच्या आवाजात, कसलाही गळा न काढता सांगितले तरी प्रेक्षकाची बघण्याची दृष्टी बदलेल. त्यामुळे बाबांचा राग जाईल, अशी हमी मी देत नाही. पण आपल्याला लपवून, आपल्याला खलनायक करून मुलीने काही केले, हा सल तरी त्यांना राहणार नाही.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. खाण चालवणाऱ्या कंपनीला लेखी प्रश्न पाठवा, उत्तरासाठी ठरावीक मुदत द्या, आणि उत्तर आले किंवा आले नाही, हे दोन्ही माहितीपटात नमूद करा. महोत्सवाच्या मुदतीपायी घाई करू नका. जनसुनावणीचे कागद यायलाच महिना जाईल आणि महोत्सव दरवर्षी भरतात. पटवर्धनांचाच 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण व्हायला 14 वर्षे लागली. तुम्हाला तितका धीर धरायला कोणी सांगत नाही, एक पावसाळा थांबलात तर नोव्हेंबरची पातळीही हाती येईल. गावात सार्वजनिक खेळ लावायचा विचार असेल, तर 1952 च्या चलचित्र कायद्याप्रमाणे माहितीपटालाही प्रमाणपत्र लागते हे ध्यानात असू द्या. नाहीतर आक्षेप घेणाऱ्यांना तुमचा आवाज बंद करायला आयतेच निमित्त मिळते. देवळाचा मंडप आणि पंचायत निवडणुकीचे दिवस, दोन्ही टाळा.

शेवटी त्या रेकॉर्डिंगविषयी. काकींनी नकार दिला, तर ते पुसायचे की ठेवायचे हेही त्यांनाच ठरवू द्या. ठेवा म्हणाल्या तर कोणाजवळ ठेवायचे, त्यांच्या हयातीत कोणाला दाखवायचे नाही, आणि उद्या मुलाची नोकरी बदलली किंवा त्यांचे मन बदलले तर ते वापरण्याआधी तुम्ही पुन्हा येऊन विचाराल, एवढे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्या कागदाची एक प्रत त्यांच्या घरी राहू द्या.